धावपट्टीवरचं धान

नकाशावरच्या सरळ रेघेवरून तुमच्या ओळखीचं कोणी कधी घरी पोचलं आहे का?

आमच्या गावाबाहेर एक धावपट्टी आहे. तिच्यावर विमान उतरत नाही, म्हणून लोक धान वाळत घालतात. परवा गावातल्या राईबाई तिथे पायाने धान परतत होत्या. त्यांची लेक नदीपलीकडे दिली आहे आणि तिचे दिवस भरत आलेत. तिच्या गावाशेजारीही अशीच ओस धावपट्टी आहे. मी सहज दोन्ही धावपट्ट्यांची नावं मोबाइलमध्ये टाकली. अंतर आलं, विमानाचा वेळही आला.

"वीस मिनिटं," मी म्हणालो.

राईबाईंनी आभाळाकडे पाहिलं आणि झाडू उचलला. "मंग धान बाजूले करू का जी? इमान उतरंल कुठं?"

"विमान नाही येत, मावशी. हा नुसता हिशेब आहे."

"कोणासाठी केला मंग?" त्या हसल्या. "लेकीले सांगू, वीस मिनिटं कळ काढ?"

मला हसता आलं नाही. त्या हिशेबाला नदी दिसत नाही. राईबाईंना नदीशिवाय काही दिसत नाही. डोंगा, म्हणजे लाकडी होडी, मिळाला तर दिवसभराची वाट, पाणी चढलं तर तीही नाही. दोन धावपट्ट्या बांधणाऱ्यांना मधला पूल का सुचला नाही, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

राईबाई उद्या निघणार आहेत. तुम्ही एवढं करा: कोणी दोन गावांमध्ये रेघ ओढून "जवळच तर आहे" म्हणालं, की त्या रेघेवर बोट ठेवा आणि मोठ्याने विचारा, "इथे नदी आहे. पूल कुठे आहे?"