यल्लव्वाची जट

संघप्रिया सिस्टरचा हात हलका, पण डोकं भलतंच गरम. गडमुडशिंगीची पोरगी. कळंब्याच्या वाटेवर मनोरुग्णांचा एक खाजगी दवाखाना होता, तिथं अठ्ठ्याण्णव साली नोकरीला लागली. सुई टोचून घ्यायची तर पेशंट तिलाच हाक मारायचे. आणि वॉर्डबॉयनं पेशंटवर हात उगारला, तर त्याची अशी खरडपट्टी काढायची की तो बिचारा पुन्हा तिच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही.

तिथं कबनूरची यल्लव्वा आली. चाळिशीची, मागावर कांड्या भरणारी बाई. कानात बायका भांडतात, झोपू देत नाहीत, म्हणत ती आपल्या पायानं आली आणि स्वतः अंगठा देऊन दाखल झाली. आता आपणहून आलेल्या पेशंटचा शब्द कायद्यानं त्याचाच. त्याच्या वतीनं भावानं बोलायचं नाही की नवऱ्यानं. नर्सिंगला असताना संघप्रियानं हे घोकून पाठ केलेलं.

यल्लव्वाच्या डोक्यात मनगटाएवढी जट होती, कमरेपर्यंत. देवीची म्हणून तिनं कधी कात्री लावू दिली नव्हती. औषधानं कानातल्या बायका हळूहळू गप्प झाल्या. ती पोटभर जेवायला लागली. गोळी मात्र संघप्रियाच्याच हातची घ्यायची, दुसऱ्या कुणाची नाही. पण ती जट दिसली की संघप्रियाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या आज्जीनं धम्म घेतला तेव्हा स्वतःच्या हातानं स्वतःची जट कापली होती, आणि ती गोष्ट घरात अजून अभिमानानं सांगितली जायची.

"यल्लव्वाक्का, कापू या का? मान अवघडतीय, उवा पण झाल्यात," तिनं एकदा विचारलं.

"नगं," यल्लव्वा म्हणाली. "ती माजी न्हाय. आईची हाय."

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बाळासो भेटायला आला. "ती जट काढा की सिस्टर. मी सांगतोय न्हवं? तिला काय कळतंय?"

बाळासोच्या सांगण्याला काडीची किंमत नाही हे संघप्रियाला चांगलं ठाऊक होतं. तरी तिला तेवढाच आधार पुरला. दुपारच्या गोळीनं यल्लव्वाला गाढ झोप लागली होती. संघप्रियानं कात्री आणली आणि डॉक्टरांनाही न विचारता जट उतरवली. आपण हिची सुटका करतोय, असंच तिला वाटत होतं. शहाणीच म्हणायची!

जाग आल्यावर यल्लव्वानं डोकं चाचपलं. संध्याकाळची गोळी थुंकून टाकली. सकाळी म्हणाली, "मला घरला जायाचं हाय."

डॉक्टरांनी सगळं ऐकून संघप्रियाला झाड झाड झाडलं. मग म्हणाले, "आपणहून आलीय, जायचं म्हणाली की चोवीस तासांत सोडावं लागतं. तिच्या जिवाला धोका आहे असं तुला दिसत असेल तर सांग, रीतसर थांबवून घेता येईल."

धोका काही दिसला नव्हता. पण एक खोटं बोललं असतं तर यल्लव्वा राहिली असती, बरी होऊन गेली असती. संघप्रियाच्या ते ओठावर आलं होतं. पण बाईचा शब्द एकदा मोडला होता, पुन्हा मोडायला जीभ उचलेना.

"नाही डॉक्टर, तसं काही दिसलं नाही."

यल्लव्वानं कापलेली जट पदरात बांधून घेतली. संघप्रिया फाटकापर्यंत मागे गेली. "चुकलं माझं, अक्का. गोळ्या तेवढ्या घेत जा."

"इचारलंस. मी नगं म्हटलं," यल्लव्वा म्हणाली. "मग इचारलंस कशाला?"

दिवाळी झाल्यावर संघप्रिया सुट्टी काढून गोळ्या घेऊन कबनूरला गेली. घराच्या पुढच्या सोप्यात यल्लव्वाचा पाय दोरीनं खांबाला बांधला होता. वाढलेल्या केसांना तिनं ती जट दोऱ्यानं बांधली होती, आणि ती कानातल्या बायकांशी भांडत होती. बाळासोवर संघप्रिया अशी बरसली की त्यानं मुकाट्यानं दोरी सोडली.

"मी तर काय करू, सिस्टर? उठून चालू मागात हात घालाया जातीया," तो म्हणाला.

संघप्रिया यल्लव्वाच्या पुढ्यात बसली. तळहातावर गोळी ठेवली. "घेणार का, अक्का?"

भांडण मध्येच थांबलं. यल्लव्वानं तिच्याकडं नीट बघितलं.

"नगं."

बाळासो म्हणाला, "भाकरीत चुरून देऊ या की. तिला काय कळतंय?"

संघप्रियानं नकाराची मान हलवली आणि गोळी परत डबीत टाकली.