अर्धी घागर

शरण हा शब्द मला लहानपणापासून टोचायचा. संध्याकाळी विहारात, म्हणजे आमच्या वस्तीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, सगळे त्रिसरण, म्हणजे 'बुद्धं सरणं गच्छामि', म्हणायला बसायचे आणि मी त्या एका शब्दावर अडायचो. माझ्या आजा-पणज्यांनी जन्मभर लोकांपुढे माना खाली घातल्या. छप्पन साली धम्म घेतला तो मान वर करण्यासाठी. मग पुन्हा शरण कशाला जायचं? नांदेडला नोकरीला लागल्यावर मी हे तिथल्या भंतेजींना विचारलंही होतं. ते हसून म्हणाले, "सायकल चालवताना विचार कर यावर. तेवढाच वेळ तू गप्प असतोस."

सायकलचा मला भारी माज होता, हे त्यांना ठाऊक होतं. विष्णुपुरीच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा मी तिथल्या कार्यालयात ट्रेसर होतो, म्हणजे साहेबांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर गिरवणारा. आठवडाभर कागदावर रस्ते गिरवायचे आणि सुट्टी आली की त्याच रस्त्यांवर सायकल घालायची, असा माझा शिरस्ता. गाव पंचावन्न किलोमीटरवर. लोह्यापर्यंत सडक, आणि तिथून पुढे मी मुद्दाम आतल्या वाटा धरायचो. माळ चढायचा, माळ उतरायचा, वाटेत एखादी बैलगाडी, एखादा मेंढरांचा कळप, बाकी टायरखाली मुरूम चुरचुरल्याचा आवाज. एसटीच्या टपापर्यंत माणसं भरलेली पाहिली की मला त्यांची कीव यायची.

ही गोष्ट लातूर जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली. आमचं गाव जागचं हललं नव्हतं, तरी उस्मानाबादचं लातूरचं झालं होतं. पाऊस मात्र कुठल्याच जिल्ह्याचा झाला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते आणि जनावरं बाजारात जात होती. अशात भंतेजींनी मला बोलावलं आणि पिंपळाचं एक रोप पुढे ठेवलं. बुद्धगयेच्या बोधिवृक्षाच्या वंशातलं, दीड वीत उंच, सात पानांचं. माझ्या वडिलांनी आमच्या शेडसमोरची जागा अशाच रोपासाठी राखून ठेवली होती आणि ते रोप न बघताच ते गेले. मायनं खड्डा स्वतः खणला होता. महिनाभर ती अंघोळीचं पाणी साठवून तो ओला करत होती. बुद्धपौर्णिमेला, म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी, रोप लावायचं ठरलं. भंतेजी म्हणाले, "बसनं ने." मी म्हणालो, "बसमध्ये चेंगरेल. माझ्या सायकलवर याच्या पानालाही धक्का लागणार नाही."

आता आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. बाहत्तरच्या दुष्काळात माय रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तिथे पाण्याच्या टाकीवर एक बाई बसवलेली असायची. बाकीच्यांना ती तांब्या हातात द्यायची, आमच्या बायांना वरून ओंजळीत ओतायची. माय त्या कामावर पाणी प्यालीच नाही. सकाळी घरून पिऊन जायची आणि संध्याकाळी घरी येऊन प्यायची. तेव्हापासून घरात नियम झाला: पाणी आपलं, घरून न्यायचं, कुणाच्या दारात पाण्यासाठी उभं राहायचं नाही. मी हा नियम अभिमानाने पाळायचो. हँडलला पाण्यानं भरलेली कॅनव्हासची छागल लटकवल्याशिवाय माझी सायकल हलत नसे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. रोप तुपाच्या रिकाम्या डब्यात, डब्याभोवती ओलं पोतं, वर सावलीला माझा पंचा, असं सगळं कॅरियरला पक्कं बांधलेलं. हँडलला छागल तुडुंब. लोहा मागे टाकलं तेव्हा ऊन कोवळं होतं आणि मी जोरात होतो. आतल्या वाटेला लागलो. पहिला माळ चढलो, दुसरा चढलो, आणि तिसऱ्याच्या उतारावर मला जरा जास्तच चेव आला. ब्रेक सोडून दिले. कानात वारा, पोटात गुदगुल्या. खाली एका खड्ड्यात चाक आपटलं, छागल उसळून पुढच्या चाकाच्या तारांत गेली आणि टरकन फाटली. मी पडलो नाही, याचंच मला क्षणभर कौतुक वाटलं. मग मागे वळून पाहिलं तर मुरमावर पाण्याची ओली रेघ होती, आणि मी बघता बघता ती वाळली.

रोप शाबूत होतं. म्हटलं, हरकत नाही, निम्म्याहून जास्त वाट झालीय, दामटू. पुढे एक गाव लागलं. वेशीजवळच्या घरात रांजण दिसत होता, ओट्यावर म्हातारा बसला होता. माझा पाय पायडलवरून खाली येईना. पुढच्या गावात तर एका बाईनं आपणहून विचारलं, "कुठं जायचं, दादा?" मी "पुढं" म्हणालो आणि पुढं गेलो. आज मला त्या सायकलवरच्या माणसाचा राग येतो. स्वतः तहानेनं मरायची हौस होती तर मरायचं, पण मागे बांधलेल्या त्या सात पानांनी काय केलं होतं? पोतं कडकडीत वाळलं होतं. पंचा उचलून बघितलं तर पानं चुरगाळल्या कागदासारखी खाली लोंबत होती. पिंपळ भिंतीच्या फटीतही उगवतो, खरं आहे. पण मुळासकट उपटून डब्यात घातलेल्या, वैशाखाच्या उन्हात हिंडवलेल्या रोपाची गोष्ट वेगळी.

जिल्ह्याची हद्द कुठे लागते हे मी नकाशावर कितीदा गिरवलं होतं. त्या हद्दीजवळच्या चढावर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सायकल टाकली आणि एका कडुलिंबाखाली डबा मांडीत घेऊन बसलो. घसा इतका कोरडा की गिळता येईना. मायचा तो ओला खड्डा डोळ्यांसमोर आला आणि मला रडू फुटलं. बत्तीस वर्षांचा सरकारी नोकर, रस्त्याकडेला बसून रडतोय. काय करावं सुचेना, तेव्हा सवयीनं त्रिसरण म्हणायला लागलो. ओठ चिकटत होते. नेहमीच्या त्या शब्दापाशी आलो आणि पहिल्यांदाच अडलो नाही. आतून काहीतरी सैल पडलं. मला वाटलं, माझ्या हातात आता काही नाही. नियम, नकाशा, मांड्यांतला जोर, सगळं वापरून झालं. आता उठायचं, पुढचं जे दार दिसेल तिथे जायचं आणि पाणी मागायचं. वरून ओतलं तर वरून घ्यायचं. झाड जगलं पाहिजे.

मी उठलो, डबा कॅरियरला बांधला, आणि चढाच्या माथ्यावर डोक्यावर घागर घेतलेली एक म्हातारी दिसली.

चमत्कार आमच्यात मानत नाहीत. ती रोजच त्या वेळेला तिथून जात असणार, पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत असणार. मी एवढंच सांगतो, की मी उठलो आणि ती दिसली.

"उन्हात कामून मरून राहिलास रे?" जवळ येत ती म्हणाली.

"मावशी, थोडं पाणी पाहिजे होतं," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो होतो. वर लगेच म्हणालो, "मला नको, या झाडाला. पिंपळ हाय. आमच्या विहारात लावायचाय उद्या." म्हणजे मी कोण, हे तिला कळावं, मागून कळून घोटाळा नको.

तिनं रोपाकडे पाहिलं. शंभर पावलांवर तिचं खोपट होतं, तिकडे चालू लागली. मी सायकल ढकलत मागे गेलो. तिनं घागर उतरवली, तांब्या बुडवला आणि आधी रोपाच्या बुडाशी हळूहळू धार सोडली. माती चर्र करत पाणी प्याली. दुसरा तांब्या पोत्यावर. तिसरा भरून ती माझ्याकडे वळली, आणि काय झालं ते लिहायला मला आजही जड जातं. मी वाकलो आणि ओंजळ पुढे केली. मला कुणी कधी ओंजळीत पाणी दिलं नव्हतं. मी शाळेत बाकावर बसून शिकलो, कचेरीत माठावरचं पाणी पितो. तरी माझे हात आपोआप जुळले, जणू मायचे हात होते.

म्हातारी थांबली. तिचा चेहरा पडला.

"ओंजळ काढ," ती म्हणाली. "तांब्या धर. हातानं धर."

मी तांब्या धरला. पिताना निम्मं पाणी गळ्यावर सांडलं, तशी तिनं आणखी दोनदा तांब्या भरून दिला. ती समोर बसली आणि खाली बघत बोलू लागली. "ह्यो रस्ता आमीच केला, मोठ्या दुष्काळात. मला पान्याच्या टाकीवर बसवलं हुतं. मुकादमानं सांगितलं तसं वाढायचे. कुनाला हातात, कुनाला वरून. एक बाई हुती, ती पेलीच न्हाई. दिसभर खडी फोडायची अन् पान्याची सुट्टी झाली की तोंड फिरवून बसायची. लई दिस ते तोंड डोळ्यापुढून हललं न्हाई बघ."

मी घागरीत बघितलं तर अर्धीच राहिली होती. मी विचारलं, "तुम्हाला पुरंल का?"

"तुझं झाड बघ तू," ती वसकन म्हणाली. मग मी कुठल्या गावचा ते तिनं विचारलं. गाव सांगितलं आणि म्हणालो, आता लातूर जिल्ह्यात आलंय. "हे बी लातूरच म्हनत्यात. पानी हाय का मंग नव्या जिल्ह्यात?" मला हसू आलं, तीही हसली.

उरलेले सात-आठ किलोमीटर मी जपून गेलो; उताराला ब्रेक दाबून आणि चढाला खाली उतरून. ऊन कलताना घरी पोचलो तेव्हा सातातली पाच पानं उभी होती.

मायला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल म्हणून टाकीची गोष्ट गाळणार होतो, पण गाळता आली नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "न पिनाऱ्या आमी चौघीजनी हुतो. कोन मनात धरली तिनं, कोनास ठावं." थोड्या वेळानं विचारलं, "अर्धी घागर दिली म्हनतोस? मंग ती रातभर काय पेली आसंल?"

सकाळी पौर्णिमेला वस्ती जमली, रोप लागलं, त्रिसरण झालं. चार वाजता मायनं टँकरच्या पाण्यातून आमच्या वाट्याची घागर भरून तोंडाला फडकं बांधलं आणि म्हणाली, "काढ तुझी सायकल." कॅरियरवर, जिथे रोप होतं तिथे, ती मांडीत घागर घेऊन बसली. पाणी नेऊन द्यायचं आणि परत यायचं, एवढंच मी समजलो होतो. तिनं फोडलेल्या खडीच्या रस्त्यावरून तिला नेताना मी एकही थेंब सांडू दिला नाही.

म्हातारी खोपटासमोर बसली होती. माय उतरली. भरलेली घागर तिनं दारात ठेवली आणि तिथेच उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. ओळख पटली की नाही, मला आजही माहीत नाही, आणि मी कधी विचारलं नाही. मायनं पदर नीट केला आणि म्हणाली,

"बाई, थोडं पानी दे प्यायला."

म्हातारी आत गेली. तिच्या मडक्यातलं पाणी तांब्यात घेऊन आली आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. मायनं तांब्या घेतला, सावकाश, थांबत थांबत, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. तांब्या परत देताना तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "गोड हाय."

पिंपळाच्या सावलीत आता सगळी वस्ती बसते. माय गेली, म्हातारीही गेली. मी अजून त्या रस्त्याने सायकलवर जातो, आणि छागल नेत नाही. कुठल्याही दारात थांबतो, पाणी मागतो. शरण म्हणजे मान खाली घालणं नव्हे, हे मला भंतेजींच्या सांगण्यावरून कळलं नसतं. ते मला कळलं भरली घागर दारात ठेवून पाणी मागणाऱ्या मायकडून, आणि दोन्ही हातांनी तांब्या धरणाऱ्या त्या म्हातारीकडून. संध्याकाळी त्रिसरण म्हणताना तो शब्द येतो तेव्हा मला त्या दोघीच दिसतात, आणि माझे हात आपोआप जुळतात.