वडीगोद्री ते जांब, पाठीवर बारा किलो आणि एक भोपळा

माझ्या छातीतलं पाणी काढलं त्याला वर्ष झालं होतं. खोकला गेला होता. घरात मात्र अजून कोणी मला घागर उचलू देत नव्हतं. त्या हिवाळ्यात जालन्यात एक मदत पथक उभं राहत होतं. पूर, आग, साथ, काहीही आलं की धावून जाणाऱ्या तरुणांचं. अट साधी होती: बारा किलोची तातडीची बॅग पाठीवर घेऊन दोन दिवस चालायचं, कोणाच्या हाती न देता. मी नाव देणार म्हटल्यावर आई रडली. बाबा शाळामास्तर. 

"सुमन, मी संगं येतो," म्हणाले. "हात लावणार न्हाई. पन जांबपर्यंत न्हाई पोचली, तर हा विषय बंद."

जुन्या जालन्यात बाबांच्या ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर बॅग भरली. दोर, कंदील, घोंगडी, पट्ट्या, टिंक्चर, पाणी. बारा किलोला जे कमी पडलं ते ज्वारी ओतून बराबर केलं.

सकाळच्या एसटीने अंबडवरून वडीगोद्री. तिथे रस्त्याकडेच्या हॉटेलात पोटभर खाऊन घ्यावं, कारण पूर्वेकडच्या कच्च्या वाटेवर दुकान नव्हतं. हिवाळ्यातच जावं. पावसात ती काळी माती चप्पल ठेवून घेते. खर्च म्हणाल तर एसटीचं तिकीट आणि चहा.

दुष्काळ सरून पहिलंच धड पीक उभं होतं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. बाबा माझ्या मागे दोन पावलं. वळून पाहिलं की ते शेताकडे बघत.

एका बांधाशी कडब्याचा भारा ठेवून एक बाई उभी होती. कोणी उचलून देईल म्हणून वाट बघत.

"पोरी, जरा हात लाव गं."

मी लावला. भारा डोक्यावर बसला तशी तिने माझ्या पाठीकडे पाहिलं. "तुलाबी उतरून देऊ का?"

"नको. मलाच न्यायचीय."

"मंग मान सरळ ठेव," ती म्हणाली आणि गेली.

पुढे एक बैलगाडी मागून आली. गाडीवान बाबांना म्हणाला, "मास्तर, पोरगी लादली अन् तुमी मोकळे? ठिवा ती बॅग गाडीत."

"तिची परीक्षा हाय."

"अन् तुमी काय करून राह्यले?"

"भिऊन राह्यलो," बाबा म्हणाले.

गाडीवान हसला. मी हसले नाही. माझ्या आजारपणात बाबा रात्र रात्र उशाशी बसले होते.

मुक्काम बाबांच्या मावसबहिणीकडे, द्वारकाआत्याकडे. दारातच तिने "जय भीम" म्हणत माझे पट्टे सोडवले, आणि मग बाबांना अर्धा तास धारेवर धरलं. शेकोटीत हुरडा भाजला. गरम दाणे तळहातावर चोळून ती आधी मला देत होती.

सकाळी ती बॅगेत कणसं भरू लागली. मग भाकरी, तिळाची चटणी, आणि शेवटी एक लाल भोपळा.

"आत्या, जड होईल गं."

तिचे हात थांबले. "दुष्काळात तुमी आल्ते, तवा चहाबी न्हवता माझ्या घरात. बिन चहाचे गेल्ते तुमी."

मी बॅगेचं तोंड उघडून धरलं.

गावाबाहेर आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "भोपळा मी घेतो. तो काई बारा किलोत न्हवता."

"बॅगेत आहे ना. मग माझाच."

दुसरा दिवस त्या भोपळ्याचा होता. तो प्रत्येक पावलाला कमरेवर टेकायचा. जांब दिसू लागलं तेव्हा उजव्या बरगडीखाली कळ आली. तीच जुनी जागा. मी बाभळीखाली उभी राहिले. बसले तर उठता येणार नव्हतं. बाबांचा हात पट्ट्याकडे आला. पट्ट्याजवळ थांबला. मग त्यांनी तळहात बॅगेखाली, माझ्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले. आजारपणात असंच करायचे. मी श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"छातीत आवाज न्हाई," ते म्हणाले. "चल."

जांबला यात्रेकरू ज्या देवळासाठी येतात, त्यात आम्ही गेलो नाही. बाहेर झाडाखाली भाकरी खाल्ली. शेजारच्या यात्रेकरूने नारळाचं अर्धं भकल दिलं. तेही बॅगेत गेलं.

एसटीने जालन्यात उतरून थेट अडत्याकडे गेलो. त्याने काट्यावर वजनं टाकली, आणखी एक टाकलं. "मास्तर, गेल्तं त्याच्याहून जास्ती आलं की! पोरगी चालाया गेल्ती का मोंढ्यातला बाजार करून आली?"

 दोन दिवसांत पहिल्यांदा बाबांनी बॅगेला हात घातला. ती उचलली, आणि मला वाटलं, आता घरापर्यंत तेच नेणार. मी तशीच उभी राहिले. ते माझ्या मागे आले. बॅग माझ्या पाठीला लावली, एकेक पट्टा खांद्यावर नीट बसवला.

"मान सरळ ठेव," म्हणाले.

घरी आईने भोपळा चिरला. बाबा ओट्यावर बसून तिला म्हणाले, "हिरीवरून उद्यापासनं सुमन पाणी आणील."

आता त्या वाटेवर डांबर आहे म्हणतात. जाणार असाल तर जरूर चालत जा. बॅगेत थोडी जागा रिकामी ठेवा.