कणगीतला पंजा

आमच्या ह्यांचा कुणावर म्हणून भरवसा न्हाय. कंडक्टरनं तिकीट फाडलं तर उजेडात धरून बघणार, शेजारच्या गुणाबाईनं वाटीभर कालवण दिलं तर आधी वास घेणार. भिवंडीला सायझिंगमध्ये सुताला लावायची खळ शिजवायचे, तिथंही दुसऱ्यानं ढवळलेली खळ बोटावर घेऊन बघितल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचे न्हायत. आणीबाणी उठली त्या साली एका ठेकेदारानं ह्यांना उचललं आणि समुद्रात तेलाची विहीर खणणाऱ्या परदेशी जहाजावर नेलं. चिखलाच्या टाकीवर राखण, म्हणे! मी म्हटलं, आपल्या गावात, दिघाशीत, काय चिखल कमी हाय?

महिनाभर तिकडं, मग थोडे दिवस घरी. निघताना एक काम कधी चुकायचं न्हाय. मला लागेल तेवढं भात बाजूला काढून द्यायचे, कणगीतलं बाकीचं हातानं सारखं करायचे आणि त्यावर आपला पंजा दाबून उमटवायचे. चोराला भीती म्हणून! घरात मी आणि सासू. सासूला दिसत न्हाय. मग चोर कोण, ते तुम्हीच सांगा.

संक्रांतीला आले तर पंजा मोडलेला, भात मधोमध खचलेलं. मधल्या दिवसांत पडघ्याहून माझा भाऊ अनंता येऊन गेला होता. ह्यांनी अख्ख्या आळीसमोर त्याचं नाव घेतलं. अनंताच्या कानावर गेलं, त्यानं निरोप धाडला की पुन्हा ह्या घराचा उंबरा चढणार न्हाय. नंतर कणगी सरकवली तर बुडाला घुशीनं पाडलेलं हे एवढं भोक! ह्यांनी गपचूप दगड घातला, माती लिंपली, हात धुतले. माझा जीव नुसता जळत होता. अनंताची माफी न मागता हे जहाजावर गेले, तर मी पडघ्याला जाणार ती कायमची, असं मी ठरवलं. गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी कशेळीचा केसरीनाथ आला. तोही त्याच जहाजावर.

"वहिनी," चहा घेता घेता तो म्हणाला, "तिथं पाणी एवढं खोल, की दुसऱ्या विहिरींसारखे लोखंडी पाय तळाला टेकवताच येत न्हायत. जहाज नांगरावर तरंगत ठेवायचं आणि लांबलचक नळ सोडून तळाला भोक पाडायचं. भोकात चिखल भरायचा, त्याच्या वजनानं खालचा वायू दबून राहतो. चिखल हलका पडला तर वायू उसळून जहाज पेटेल. जड झाला तर जमीन फाटून चिखलच गिळून टाकते."

"आणि हे काय करतात?"

"भोकातून फिरून टाकीत परत येणारा चिखल वाढला, की समजायचं खालून वायू शिरला. पण जहाज लाटेवर वरखाली, टाकी हिंदकळते. खरंच वाढला की लाटेनं दिसतोय, कळायचं कसं? टाकीवर आपला लडकू, त्याला संशय आला की तो बोंब मारतो. मग सगळं थांबवून बघायचं."

"दरवेळी वायू असतो?"

"छे! बहुतेक वेळा काही नसतं."

"मग साहेब चिडत न्हाय?"

"कशाला चिडेल? लडकूच हात वर करून ओरडतो, 'माझी चूक, चालू करा!' की काम चालू."

मी कपबशी खाली ठेवली. "माझी चूक? हे म्हणतात?"

"हो तर! कितीदा तरी."

हे बाहेर बघत बसले होते.

"अहो, समुद्राच्या भोकापाशी चूक कबूल करता, आणि माझ्या भावासमोर तोंड उघडत न्हाय तुमचं?" पाहुण्यासमोर मला रडू फुटलं. "तिथं बघून झालं की संशय मिटतो ना? मग इथं का मिटत न्हाय?"

"बोल बाय, बोल," आतून सासू म्हणाली.

हे पुटपुटले, "तिथं चूक कबूल केली न्हाय, तर पुढच्या वेळी माझं कुणी ऐकणार न्हाय."

"इथं तरी कोण ऐकतंय तुमचं?"

ह्यांनी चपला घातल्या आणि पडघ्याची गाडी धरली. दिवेलागणीला आले ते अनंताला घेऊन. काय बोलणं झालं, दोघांनीही सांगितलं न्हाय. अनंता पोटभर जेवला, मी गाठोडं सोडलं.

दुसऱ्या दिवशी हे निघाले. कणगीकडं फिरकलेसुद्धा न्हायत. ते वळणाआड गेल्याबरोबर मी झाकण काढलं. पंजा न्हाय. मग म्हटलं, भात कुठवर हाय त्याची खूण म्हणून आतून कोळशाची रेघ तर ओढली नसेल? हात घालून चाचपलं, बुडाशी वाकून बघितलं. काही न्हाय. झाकण लावलं, चुलीपाशी गेले, आणि परत येऊन झाकण काढलं.

तेव्हापासून रोज बघते. काही नसलं की चालू करायचं, केसरीनाथ सांगून गेला. माझं मेलीचं अजून बघणंच चाललंय.