न विचारलेली पिशवी

दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, जिथली फरशी दिवसातून चारदा पुसली तरी मळकीच दिसते, तिथे फिजिओथेरपीचा विभाग आहे. पाच खाटा, हाताला धरून चालायच्या दोन समांतर दांड्या, एक चालायचा पट्टा आणि कोपऱ्यात लाकडाच्या चार पायऱ्या. त्या पायऱ्या चढून कुणी कुठेच पोहोचत नाही. चढायचं आणि त्याच पायांनी उतरायचं. या खोलीत ती, इथली फिजिओथेरपिस्ट, सव्वीस वर्षं उभी आहे. उभी म्हणजे खरोखरच उभी. तिच्या वाट्याच्या खुर्चीवर पेशंट आपल्या काठ्या ठेवतात.

शिकायला येणारी मुलं तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे पिशवीबाई. हे तिला ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. पेशंटच्या अंगाला हात लावण्याआधी त्याची गोळ्यांची पिशवी खाटेवर उपडी करायची, हा तिचा नियम. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिचा राग नाही. पण चिठ्ठीत डॉक्टरांनी सांगितलेलं असतं आणि पिशवीत माणूस खरोखर काय गिळतो ते असतं, या दोन गोष्टी एक असल्याचं तिने फार थोड्या वेळा पाहिलंय.

त्या शुक्रवारी मात्र तिचं लक्ष जागेवर नव्हतं. ॲप्रनच्या खिशात दवाखान्याचं नाव छापलेला एक कोरा कागद होता. हात सारखा खिशात जात होता, कागदाची घडी चाचपत होता आणि रिकामाच बाहेर येत होता. त्या कागदावर तिला एवढंच लिहायचं होतं की ताईचा तोल आता बरा आहे आणि ती मशीनवर उभी राहू शकते. खाली सही. सोमवारी तो कागद गेला नाही तर ताईचं मशीन जाणार होतं.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. तीस-तीस थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि उभं पातं असलेलं मशीन हाताने ढकलत त्या आखणीवरून न्यायचं. शेतात सरी धरावी तशी ताई रेष धरते. बत्तीस वर्षांत ती रेष चुकली नव्हती. आई गेल्यावर याच हातांनी धाकटीला कॉलेजात घातलं. महिन्यापूर्वी एका सकाळी पातं चालू असताना ताई हेलपाटली. हात टेबलाच्या कडेवर पडला म्हणून बोटं राहिली. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. तुझी बहीण दवाखान्यातच आहे, तिचा कागद आण, तोवर घरी बस, म्हणाला. नाहीतर मशीन दुसऱ्या बाईला द्यावं लागेल.

गेले तीन आठवडे धाकटी रोज पहाटे ताईकडून तोल सांभाळायचे व्यायाम करून घेत होती. एका पायावर उभं राहा, डोळे मीट, जाड गादीच्या तुकड्यावर पाय ठेव. ताई कुरकुर न करता सगळं करायची. फरक तिळभरही नव्हता. आजही सकाळी बेसिनपाशी ती डुलली आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चूळ भरत राहिली.

अकराच्या सुमाराला तिने घरी फोन लावला. ताईने उचलला नाही. पुन्हा लावला. तेव्हा पट्ट्यावर रंगारी काका चालत होते. हे काका भिंती रंगवणारे. हृदयाचा झटका येऊन गेलेला, आणि पुन्हा शिडी चढायची म्हणून हट्टाला पेटलेले. त्यांच्याजवळ एक उंच विद्यार्थी नाडी मोजत उभा होता. नाडी अडुसष्ट. वहीत लिहिलं होतं, एकशेदहापर्यंत न्यायची. त्याने वेग वाढवला. नाडी बहात्तर. आणखी वाढवला.

फोन कानाला लावूनच ती वळली आणि काकांच्या तोंडाकडे तिची नजर गेली. काका काहीतरी विनोद सांगत होते, पण दर दोन शब्दांमागे थांबत होते, आणि ओठांभोवती घाम साचला होता. तिने चार पावलांत पट्टा गाठून वेग कमी केला, काकांना खाटेवर बसवलं.

"नाडी तर वाढतच नव्हती, मॅडम," विद्यार्थी म्हणाला.

"ती वाढणारच नाही. पिशवीत बघितलंस ना? ती छोटी गुलाबी गोळी हृदयाला लगाम घालते. लगाम ओढलेल्या घोड्याचे ठोके मोजून तू त्याला दौडवत होतास. काकांचं बोलणं ऐकायचं. चालता चालता वाक्य पुरं होतं का ते बघायचं."

काकांना दम परत आला होता. मी पोराला मघापासून सांगतोय चहा हवा, आणि हा समजतोय मला आणखी पळायचंय, असं ते म्हणाले. सगळे हसले. तिला हसू आलं नाही. एरवी हे तिच्या डोळ्यांतून पहिल्या मिनिटालाही सुटलं नसतं.

मग तिने मुलांना भोवती घेतलं आणि काकांची पिशवी पुन्हा उपडी केली. एक एक गोळी बोटाने पुढे सरकवत ती बोलत गेली, आणि बोलताना खाटेभोवती फिरत राहिली, म्हणून मुलांच्या माना तिच्यामागे वळत राहिल्या. ही रक्त पातळ ठेवणारी. अशा माणसाला जोरात मालीश केलंत तर उद्या काळेनिळे डाग बघाल. ही साखरेची, व्यायामात साखर उतरली की हात थरथरतो, छाती धडधडते, पण सोबत ती लगामाची गोळी असेल तर धडधड दडून राहते आणि उरतो फक्त घाम, तेव्हा घामाला मेहनतीचा घाम समजू नका. ही बीपीची; झोपलेल्याला एकदम उभं करायचं नाही, आधी बसवायचं, पाय हलवायला लावायचे. दुखण्याची गोळी खाऊन आलेला म्हणेल, दुखत नाही, आणखी वाकवा. त्याचं ऐकायचं नाही, कारण ते गुडघा नाही बोलत, गोळी बोलते. आणि हीच गोळी रोज खाल्ली तर पोट जाळते, मूत्रपिंडाला त्रास देते आणि बीपीही वर ढकलते.

एक चष्मेवाली मुलगी नेहमी शेवटी विचारायची. तिने विचारलं, पेशंट जर म्हणाला की मी काहीच घेत नाही, तर?

"तर समजायचं की आपण नीट विचारलं नाही," ती सवयीने म्हणाली. "काहीच न घेणारा माणूस मी इथे..."

तिथे ती थांबली. सव्वीस वर्षांत बोलता बोलता थांबायची तिला सवय नव्हती. तीन आठवडे ती ताईला एका पायावर उभी करत होती. कान तपासून झाले, मान तपासून झाली. ताईला ती एकदाही म्हणाली नव्हती, पिशवी दाखव.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली. रिक्षात बसवेना म्हणून निम्म्या वाटेवर उतरून चालत सुटली.

घरी ताई खिडकीपाशी उसवलेली शिवण घालत होती. फोन पलंगावर उशीखाली वाजून वाजून गप्प झाला होता. धाकटीने गोळ्या मागितल्या तेव्हा ताईने आधी दोऱ्याला गाठ मारली, दात लावून दोरा तोडला, आणि मग विचारलं, मी काय तुझी पेशंट आहे का.

"नाहीस. म्हणूनच चुकले."

बरीच घासाघीस झाली. ताईचं म्हणणं, बीपीची गोळी आहे, ती तुला माहीत आहे, बाकी किरकोळ. धाकटीचं म्हणणं, मला किरकोळच बघायचंय. शेवटी ताईने रिळांचा पत्र्याचा डबा काढला आणि रिळांखालून गोळ्या काढून पलंगावर ठेवल्या, जरा आपटूनच.

बीपीची गोळी होती, पण दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी वाढवलेली. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी होती, दुकानातून मागून आणलेली, रोज दोन. आणि एक कागदी पाकीट. पाकिटावर अक्षर होतं: कंबरेसाठी, रात्री एक.

अक्षर तिचंच होतं.

चार महिन्यांपूर्वी ताईची कंबर धरली होती. धाकटीला कधीतरी मानेसाठी दिलेली स्नायू सैल करणारी गोळी तिच्या खणात पडून होती. तिने ती पाकिटात घालून दिली. पाच दिवस, असं तिच्या मनात होतं. लिहायचं राहून गेलं. ज्या गोष्टीसाठी ती मुलांच्या वह्या फेकायची, ती तिने स्वतःच्या हाताने केली होती.

ताईने पाकिटातली गोळी दाखवून औषधाच्या दुकानातून आणखी आणल्या. कंबरदुखी थांबली, झोप लागू लागली. मग कारखान्यात जायच्या आधी सकाळीही अर्धी घेऊ लागली.

"इतके दिवस का घेतल्यास गं?"

"तू दिलीस म्हणून. तू दिलेलं मी कशाला तपासून बघू?"

धाकटीने बीपीचं यंत्र काढलं. तिने ताईला पलंगावर आडवं केलं, दहा मिनिटांनी बीपी घेतलं. वरचा आकडा एकशेअडतीस. उभी केली, मिनिटभर थांबली, पुन्हा घेतलं. एकशेचार. ताईने भिंत धरली. सगळं एका धाग्यात ओवल्यासारखं समोर आलं. दुखण्याच्या गोळीने बीपी चढलं, ते बघून डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली, आणि सैल करणारी गोळी उभं राहताच ते खाली ओढत होती. पायांत काही दोष नव्हता. तीन आठवडे ती धडधाकट पायांना शिकवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ताईने डबा स्वतःच उपडा केला. एक रीळ घरंगळून खाली गेलं. डॉक्टरांनी पाकीट उचलून विचारलं, ही कुणी दिली. ताई छताकडे बघू लागली. "मी," धाकटी म्हणाली. डॉक्टरांनी तेवढं चिठ्ठीवर टिपून घेतलं. तिला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुखण्याची गोळी बंद झाली. सैल करणारी एकदम सोडायची नाही, थोडी थोडी कमी करत न्यायची, असं ठरलं. बीपीची मात्रा त्यानंतर बघायची. तोवर दोन आठवडे मशीन नाही.

रविवारी दुपारी तो कोरा कागद ओट्यावर ठेवून ती उभ्यानेच लिहायला लागली. ताई मागून सांगत होती. गोळ्यांनी चक्कर येत होती एवढं लिही. कुणाच्या गोळ्यांनी, त्याच्याशी कारखान्याला काय करायचंय.

धाकटीने लिहिलं की चक्कर तिने दिलेल्या गोळीने येत होती, बहिणीचा दोष नाही. दोन आठवडे तिला पात्याजवळ उभं करू नये, बसून आखणीचं काम द्यावं. त्यानंतर ती स्वतः तपासून कळवील.

ताईने कागद डोळ्यांशी नेऊन वाचला. "हे पहिलं वाक्य काढ."

"नाही काढत."

"तुझ्या दवाखान्याचं नाव आहे वर. उद्या कुणी बोट दाखवलं तर?"

"दाखवू देत. खाली नाव माझं आहे."

 ताईने कागदाची घडी घातली, कापडाची घालते तशी, काठाला काठ जुळवून, आणि पर्समध्ये ठेवली.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत विभागातला फोन वाजला. ताईच होती. सुपरवायझरने कागद दोनदा वाचला आणि तिला खडू दिला, असं म्हणाली. मशीनवर नवी बाई आहे.

"कशी कापते?"

"रेष सोडून जाते. दोन सूत तरी." ताईचा आवाज खाली आला. "मी आखलेली रेष, आणि ती बाजूने जाते. बघवत नाही गं."

"दोन आठवडे, ताई."

"मोजतेय मी," ताई म्हणाली. "तूही मोज."