दक्षाच्या वाट्याची मूठ

सुपातले तांदूळ अर्धे पाखडून कमळी उठली, कारण फाटकाशी निलमबेन उभ्या होत्या. घोलवडला त्यांची चिकूची वाडी. यंदा त्यांच्या नवऱ्याने, मनिषशेठनी, स्वतःची बोट घेतलेली. पाहुण्यांना घेऊन डहाणूहून समुद्रानेच मुंबई बघायला जायचं ठरलं होतं आणि बोटीवर रांधायला बाई हवी होती.

"कमळी, तू चाल ना आमच्यासंगाती. तू पण मुंबई बघशील."

कमळी आमच्याकडे निवडण-पाखडण करायला येते. माहेर तलासरीच्या डोंगराकडचं, सासर आशागडजवळच्या पाड्यावर. समुद्र तिने एसटीच्या खिडकीतून पाहिला तेवढाच. मला वाटलं, नाही म्हणेल. पण तिची मुलगी दक्षा मुंबईत एका घरी कामाला आहे, आणि दिवाळीतसुद्धा तिला सोडलं नव्हतं.

"येतां," कमळी म्हणाली. सूप तसंच पडून राहिलं.

त्यांच्या घरात नवा भात आला की कणसरी माउलीपुढे, म्हणजे धान्याच्या देवीपुढे, प्रत्येकाच्या नावाने मूठ मूठ तांदूळ ठेवतात. ज्याची मूठ त्यानेच खायची. एकाची जरी राहिली तरी बाकीच्यांनी नव्याला हात लावायचा नाही. दक्षाची राहिली होती. कणगी भरलेली आणि घर रेशनच्या तांदळावर. नवरा, लडक्या, रोज टोमणा मारायचा, "पोर मंबईची झाली, आमी उपाशी कवापरत?"

म्हणून कमळीने ती मूठ फडक्यात बांधून बरोबर घेतली आणि ओल लागू नये म्हणून बोटीवर शिध्याच्या डब्यात ठेवली. दक्षाने मालकिणीकडून दुपारची सुट्टी मागून घेतली होती. ती गेटवेला येऊन थांबणार होती.

भरतीला बोट खाडीतून निघाली. किनारा मागे पडेपर्यंत कमळी ठीक होती. मग तिला बोट लागली ती वसईच्या पुढपर्यंत. ती पाठीमागे दोरखंडांवर डोकं टेकून पडून राहिली. निलमबेननी तिला उठवलं नाही. पदर खोचून स्वतःच चूल सांभाळली. हे मात्र त्यांचं खरं.

मुंबई दिसायला लागली तेव्हा त्यांनीच तिला ताट आणून दिलं. "खा थोडं. पाहुणे तर बोटं चाटत होते. गावचा तांदूळ सापडला डब्यात, जरासाच होता, सगळ्यांना एकेक घास दिला. तुझ्यासाठी राखला बघ."

लालसर दाणा कमळीने ओळखला. ताटावर फडकं झाकून मांडीवर घेऊन बसली. दक्षाच्या वाट्यातलं आता तेवढंच उरलं होतं, आणि तेवढं तरी तिच्या तोंडी जायला हवं होतं.

बोट धक्क्यापासून लांब नांगरली. माणसं न्यायला एक लहान होडी. पाहुणे उतरले, निलमबेन उतरल्या.

"शेठ, मना पन उतरवा. पोर उभी हाय," कमळी म्हणाली.

"आम्ही फिरून आलो की तुला पाठवतो. सामानाजवळ कोण बसेल तोवर?"

दक्षाला फोन लागला. "आये, तू कुठली बोट?"

"पांढरी."

"सगळ्याच पांढऱ्या हायत."

कमळीने उभं राहून पदर हलवला. धक्क्यावर मुंग्यांसारखी माणसं. त्यातल्या कुणीतरी ओढणी हलवली, ती दक्षाच होती की दुसरी कुणी, तिला आजही सांगता येत नाही. पाहुणे संग्रहालय बघून, बाजार करून, बर्फाचा गोळा खाऊन आले तेव्हा दिवे लागले होते. दक्षाला मालकिणीने केव्हाच परत बोलावलं होतं. मनिषशेठ म्हणाले, "आता उशीर झाला, पुढच्या खेपेला."

डहाणूला येईपर्यंत भात आंबला. कमळीने तो खाडीत सोडला.

निलमबेननी तिला गेटवेचं चित्र असलेलं लोहचुंबक दिलं, फ्रिजला लावायचं. कमळीच्या कुडाच्या भिंतीला ते चिकटत नाही.

पाड्यात देवाचं करणारा लाहू म्हातारा. कमळीने त्याला विचारलं, दुसरी मूठ ठेवू का? तो म्हणाला, "एकदा ठेवली ती ठेवली. पोरीची मूठ परक्यानं खाल्ली. ती उठली घरातून. आता तुमी नवं खा." अशी मूठ उठते ती सासरी गेलेल्या मुलीची, नाहीतर मेलेल्या माणसाची. दक्षाचं तर अजून लग्न व्हायचं आहे.

हे सगळं तिने आज उरलेले तांदूळ पाखडता पाखडता सांगितलं. मी देवापुढच्या वाती वळत होते. म्हटलं, "कमळी, देवी एवढी कठोर नसते गं."

"तुमची नसल, बाय."

"मग निलमबेनना सांगितलंस का, ते तांदूळ कुणाच्या वाट्याचे होते?"

"सांगून काय? आनखी मागवलेत त्यांनी. लय आवडले म्हनं."

तिने सूप झटकून भिंतीला उभं केलं. घरात लडक्या नव्या भाताची वाट बघतो आहे. उद्या सकाळी ती आशागडच्या गिरणीवर भात भरडायला नेणार आहे.