भट्टीजवळच्या बाईला कसला उकाडा

“भट्टीजवळ काम करणाऱ्या बाईला कसला उकाडा?” डॉक्टर म्हणाले. बाजूच्या दोन शिकाऊ डॉक्टरणी हसल्या. त्याआधी डॉक्टरांनी कार्डावरचं माझं आडनाव दोनदा वाचलं, गाव विचारलं. तेही नागपूरकडचेच. गाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा बदलला. “तुम्हा लोकांना सोसायची सवय असते.” आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या.

दार सताड उघडं. रांगेतल्या बाया ऐकत होत्या. समोर खुर्ची होती, पण बसा असं कुणी म्हटलं नाही आणि मीही बसले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, ठेकेदाराच्या कॅन्टीनमध्ये भट्टीशेजारी पोळ्या लाटते. सहा महिन्यांपूर्वी याच डॉक्टरांनी माझं ऑपरेशन केलं. “गर्भपिशवी काढली, सुटलात आता,” एवढंच सांगितलं. सुटले कसली! लाटणं हातात असताना छातीतून आग उठायची, मानेपर्यंत चढायची, ब्लाउज भिजायचा. मग हुडहुडी. झोप गेली. गुडघे धरले. उगाच रडू यायचं. नवरा जवळ आला की दुखायचं, आणि ते सांगायचं तरी कुणाला? मला वेड लागतंय असं वाटायचं. मी खरंच घाबरले होते.

त्या दिवशी दवाखान्यातून रिसालीला घरी आले. बारावीतल्या माझ्या पोरीनं ऑपरेशनची फाइल काढली. ओळीवर बोट ठेवून वाचता वाचता थांबली.

“आई, दोन्ही अंडाशय बी काढले तुझे. इथं लिवलं आहे. त्याच्यानंच होऊन राहिलं हे.”

खाली संमतीची सही. नवऱ्याची. जो माणूस दर रविवारी विहारात सगळ्यांना सांगतो, वाचल्याशिवाय कशावर सही करू नका, त्याची.

“कावून केली?”

“साहेब घाईत होते. मले वाटलं, एवढा मोठा डॉक्टर, तो काय चूक करन.”

मान खाली घालून बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही घेतली तेव्हा मी शुद्धीत होते. शेजारच्याच पलंगावर होते. मला विचारायला काय झालं होतं?

सोमवारी पुन्हा गेले. आधी खुर्चीवर बसले. फाइल उघडून ठेवली.

“हा उकाडा भट्टीचा नाही. तुमी मले न विचारता अंडाशय काढले, त्याचा आहे. हे कार्डावर लिवा. अन् इलाज काय काय आहे, ते समजावून सांगा.”

“आवाज खाली.”

“नाही करत.”

आज कुणी हसलं नाही. त्यांनी लिहिलं. तपासण्या झाल्या, हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. आग अजून उठते, कधी कमी, कधी जास्त. बरी झाले असं मी म्हणणार नाही.

तक्रारीचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. चारदा वाचला. नवरा म्हणाला, “आण, मी बी सही करतो.”

मी पेन दिलं नाही. माझ्या शरीराच्या कागदावर यापुढे दुसऱ्या कुणाची सही होणार नाही.